नाशिकचा कादंबरी वर्ग: पहिले पाच रविवार पैसे वसूल, पुढचं विचारून घ्या

कवितेसाठी नाशिकमध्ये जागांची वाण नाही. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, गावात कुठे ना कुठे काव्यवाचन चालूच असतं. कादंबरी लिहू पाहणाऱ्याला मात्र आराखडा कसा करायचा आणि पहिलं पान कुठून सुरू करायचं हे शेजारी बसून शिकवणारं सहसा कोणी भेटत नाही. कॉलेज रोडच्या एका अभ्यासिकेत भरणारा आठ रविवारांचा वर्ग हे काम करतो. वेळ सकाळी १० ते १, फी ४,५०० रुपये, तुकडीत १८ जण. शिकवणारे दोघं: मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक आणि प्रकाशनात वर्षानुवर्षं हस्तलिखितं तपासलेल्या एक बाई. बाईंचा वाटा मोठा आहे, आणि वर्गाचा कस टिकतो तो त्यांच्यामुळेच.

पहिले चार रविवार इथे एकही प्रकरण लिहू देत नाहीत. उत्साहाने आलेली मंडळी यावर नाराज होतात, पण हाच निर्णय या वर्गाचं खरं बळ आहे. नवखा लेखक पहिली तीस-चाळीस पानं झपाट्याने लिहितो, कारण त्यात त्याचं बालपण, गाव, आजी, वाडा असं सगळं साठलेलं उतरत असतं. साठा संपला की वही बंद होते. पुढे काय घडणार हे ठरलेलंच नसतं, म्हणून ती पुन्हा उघडत नाही. चार रविवारांची सक्ती हा नेमका यावरचाच उपाय आहे.

पहिल्या रविवारी बीज तपासतात. बहुतेक जण विषय घेऊन आलेले असतात: शेतकऱ्याची परवड, बाईची घुसमट, गावाकडून शहरात आलेला मुलगा. विषय म्हणजे गोष्ट नाही, हे भाषण न देता चार प्रश्नांनी पटवून देतात. कोणाला? काय हवंय? आडवं काय येतंय? आणि नाही मिळालं तर काय जाणार? या चारांची उत्तरं दोन वाक्यांत बसेपर्यंत पुढे सरकू देत नाहीत.

फळ्यावरचं उदाहरण जिल्ह्यातलंच असतं. 'द्राक्ष बागायतदाराची व्यथा' एवढ्यावर सुरुवात होते. प्रश्न विचारत विचारत ते इथवर येतं: 'दिंडोरी तालुक्यातल्या बागायतदाराने माल निघेल या हिशेबाने मुलीचं लग्न फेब्रुवारीअखेरीस धरलंय. बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस होतो आणि उरलेला माल ज्याच्या भरवशावर आहे तो व्यापारी गेल्या वर्षीचेच पैसे थकवून बसलाय.' आता माणूस आहे, तारीख आहे, आणि हरला तर काय जाणार तेही आहे. व्यथा शब्दही न उच्चारता ती आत आली.

दुसऱ्या रविवारी याच उदाहरणाचं कॅलेंडर करतात. आराखड्याचा हा भाग बाकी ठिकाणी कोणी शिकवत नाही आणि इथे तो सर्वात चांगला शिकवला जातो. मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे रकाने आखायचे आणि आधी कथेतल्या घटना न मांडता जगात आपोआप घडणाऱ्या गोष्टी मांडायच्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतर जुन्या फांद्या मागे छाटणं. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. त्यानंतर साधारण दीड महिन्याने फुलोरा, आणि छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनी काढणी. पाऊस फुलोऱ्यात आला तर घड गळतात, कुजतात, डावणी हा बुरशीचा रोग येतो. मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते मऊ होऊन गोडी भरू लागल्यावर आला, तर मणी तडकतात. म्हणजे नोव्हेंबरचा पाऊस आणि फेब्रुवारीचा पाऊस ही कथेच्या दृष्टीने दोन वेगळी संकटं आहेत. पहिल्यात माणसाकडे फवारण्या करायला, कर्ज काढायला, लग्न पुढे ढकलायला तीन महिने असतात. दुसऱ्यात काही करायला वेळच उरत नाही. कादंबरीला पहिलं संकट जास्त उपयोगी, कारण त्यात पात्राला निर्णय घ्यावे लागतात. हे एवढं नेमकं कळलं की कथानक 'सुचत' नाही अशी तक्रार निम्म्याने कमी होते.

ज्यांची कादंबरी जुन्या काळात घडते त्यांच्याकडून हे काम जास्त कडकपणे करून घेतात, आणि ते योग्यच आहे. २०१५ चा सिंहस्थ हवा असेल तर नाशिकची शाही स्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाली, त्र्यंबकेश्वरचं तिसरं स्नान २५ सप्टेंबरला. पात्राला त्या दिवशी रामकुंडावर उभं करायचं की त्र्यंबकला, हे तारखेवरून ठरतं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा खून २१ डिसेंबर १९०९ चा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. या दोन तारखांमध्ये कुटुंबाची गोष्ट बसवणाऱ्याने १९०९ मधल्या काकाला नाशिक रोडच्या नोटा-मुद्रांक छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये कारकून करून चालत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ चा, करन्सी नोट प्रेस १९२८ चा. जुन्या नाशिकसाठी १८८३ चं जिल्हा गॅझेटियर वाचायला सांगतात. त्यातली वस्ती, बाजार, रस्ते यांची वर्णनं खरंच कामाची आहेत, मात्र ती सरकारी इंग्रजी नजरेतून आलेली आहेत हे वर्गात आणखी ठासून सांगायला हवं.

तिसरा रविवार निवेदकाचा. मराठीत लिहिणाऱ्याला इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांतून जे कधीच मिळणार नाही ते या तीन तासांत मिळतं. उदाहरणार्थ, प्रथमपुरुषी निवेदन. 'मी स्टँडवर गेले' किंवा 'गेलो' म्हटलं की निवेदक बाई की पुरुष हे पहिल्याच ओळीत कळतं. 'मी दार उघडलं' यात ते कळत नाही. कोणाला हे काही पानं झाकून ठेवायचं असेल तर क्रियापदं निवडूनच लिहावं लागेल, आणि ते किती पानं निभेल हे आधीच करून बघायला लावतात. बहुतेकांची दोन पानांत दमछाक होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'तो' की 'ते'. तृतीयपुरुषी निवेदनात बापाला निवेदक काय म्हणणार? 'अण्णा ओट्यावर बसले होते' असं लिहिलं तर आपण घरातल्या धाकट्याच्या नजरेतून बघतोय. 'अण्णा ओट्यावर बसला होता' असं लिहिलं तर निवेदक त्याच्या बरोबरीचा झाला किंवा घराबाहेरचा. नवख्यांच्या हस्तलिखितात पान ४ वर 'बसले' आणि पान ९ वर 'बसला' असतं, आणि लेखकाच्या ते लक्षातही आलेलं नसतं. आदरार्थी रूप कोणासाठी आणि कोणाच्या नजरेतून, याचा तक्ता पात्रांच्या यादीशेजारीच करायला लावतात. त्यातच एक रकाना संबोधनाचा: कोण कोणाला अरे म्हणतं, अहो म्हणतं, आणि कथेत हे कुठे बदलतं. नवऱ्याला कायम 'अहो' म्हणणारी बाई कुठल्या प्रसंगात 'तू' म्हणते, एवढ्या एका जागेवर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

चौथ्या रविवारी कार्डं. ३ बाय ५ इंचाची साधी कार्डं मेन रोडवरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड, त्यावर चारच ओळी: कुठे आणि कधी, कोण कोण, कोणाला काय हवं, आणि प्रसंग संपताना काय बदललं. चौथी ओळ भरता आली नाही तर ते कार्ड बाजूला. मग सगळी कार्डं टेबलावर ओळीने मांडायची आणि दोन कार्डांमध्ये 'म्हणून' बसतं की 'पण' ते बघायचं. पाऊस झाला, म्हणून कर्ज काढलं. कर्ज काढलं, पण व्यापाऱ्याचा चेक परत आला. जिथे फक्त 'आणि मग' बसतं तिथला सांधा ढिला. असे तीन-चार ढिले सांधे लागोपाठ आले तर वाचक तिथेच पुस्तक खाली ठेवतो.

कार्डांचा आकडा कुठून येतो हेही नीट सांगतात. पहिली कादंबरी साधारण ६०,००० शब्दांची धरा. एक प्रसंग १,००० ते १,५०० शब्दांचा. म्हणजे ४० ते ६० कार्डं. छापील डेमी आकाराच्या (नेहमीच्या कादंबरीच्या) पानावर २६०-२७० शब्द धरले तर पुस्तक सव्वादोनशे पानांच्या आसपास जातं. इंग्रजी पुस्तकांत वाचलेले ८०-९० हजारांचे आकडे इथे लावू नका, असंही बजावतात. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत येतो.

इथे आमचा एक मतभेद आहे. हातात दिलेल्या नोट्समध्ये पहिला भाग २५ टक्के, मधला ५०, शेवटचा २५ अशी मांडणी छापलेली आहे. ही पद्धत पटकथेकडून आलेली. एका हंगामात घडणाऱ्या द्राक्षबागेच्या गोष्टीला ती चालते. पण भद्रकालीतल्या एका वाड्याच्या तीन पिढ्या सांगायच्या असतील तर तिथे टक्के लावून काहीच हाती लागत नाही. तशा कादंबरीला पिढीगणिक एक प्रश्न लागतो, आणि एका पिढीचा निर्णय पुढच्या पिढीच्या गळ्यात कसा पडतो हे मांडावं लागतं. बाई तोंडी हे सांगतात, नोट्समध्ये मात्र नाही. जो रविवार चुकवेल त्याच्या हाती फक्त टक्के उरतात.

पाचव्या रविवारी अखेर लिहायचं: कादंबरीचे पहिले ३०० शब्द. ते मोठ्याने वाचायचे. बहुतेक पानं पहाटेने सुरू होतात. जाग, चहा, खिडकीबाहेरचा पाऊस, नाहीतर एसटीच्या खिडकीशी बसून आठवणारं बालपण. बाई पेन्सिल घेऊन एकेक वाक्य वाचतात आणि विचारतात, हे काढलं तर काय अडतं? शिकवण्याची ही पद्धत फार परिणामकारक आहे. वर्गात दाखवला जातो तो नमुना असा:

'पहाटेचे साडेपाच वाजले होते. बाहेर अजून अंधार होता. रामभाऊंना जाग आली. गेली तीस वर्षं ते द्राक्षाची शेती करत होते. त्यांना दोन मुली होत्या. थोरलीचं लग्न ठरलं होतं.'

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही आणि एकही वाक्य वाचकाला पुढच्या वाक्याकडे ढकलत नाही. याच कार्डावरून दुसरी सुरुवात:

'व्यापाऱ्याचा चेक तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा रामभाऊंनी लग्नाच्या पत्रिका छापायला टाकलेल्या होत्या.'

तीस वर्षांची शेती, दोन मुली, पहाट यातलं काहीच इथे नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. चेक पहिल्यांदा परत आला असता तर ती अडचण होती. तिसऱ्यांदा आला म्हणजे रामभाऊंनी दोनदा विश्वास ठेवला. एका आकड्यात स्वभाव आला. पत्रिका छापायला टाकल्यात, म्हणजे मागे फिरता येत नाही. मागची हकीकत पहिल्या तीन प्रसंगांत दोन-दोन ओळींहून जास्त येऊ द्यायची नाही, हा वर्गाचा नियम आहे. पहिल्या कादंबरीपुरता तो पाळावा.

याच रविवारी जागेचं वर्णनही घेतात. 'गोदावरीला मोठा पूर आला' असं कोणीही लिहील. नाशिकचा माणूस मात्र पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं ते विचारतो: गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला. तीच तपशिलाची मोजपट्टी कादंबरीत हवी, पात्र ज्या मापाने जग मोजतं त्या मापाची. सातपूरच्या कारखान्यातला माणूस दिवस शिफ्टने मोजतो, लासलगावच्या बाजारात कांदा विकणारा क्विंटलच्या भावाने. ही गोष्ट थोडक्यात आटोपतात, खरं तर तिला आणखी तासभर द्यायला हवा होता.

इथपर्यंत वर्ग उत्तम आहे. सहाव्या रविवारपासून तो सैल पडतो.

सहावा संवादांचा. बोलीबद्दलचा सल्ला चांगला आहे: सटाणा-मालेगावकडचं पात्र अहिराणी बोलत असेल तर संवादात ती ठेवा, निवेदनात आणू नका. शब्दांपेक्षा वाक्याची ठेवण पकडा, आणि ज्या शब्दाचा अर्थ प्रसंगावरून लागत नाही तो पहिल्या दोन प्रकरणांत टाळा. अहिराणी स्वतःला बोलता येत नसेल तर बोलणाऱ्या माणसाकडून प्रत्येक संवाद वाचून घ्या. पण नंतरचा दीड तास प्रत्येकाचा संवाद ऐकण्यात जातो आणि तिथे तुकडीचा आकार नडतो. ३०० शब्द वाचायला अडीच-तीन मिनिटं, त्यावर बोलायला पाच. १८ जणांना साधारण १४० मिनिटं लागतात. पहिल्या सहा जणांना खरी चिकित्सा मिळते, शेवटच्या सहांना 'छान आहे, अजून थोडं मोकळं लिहा' एवढंच. तुकडी बारा जणांची केली आणि फी पाच-सहाशेने वाढवली तरी लोक खुशीने देतील.

मोठी उणीव मधल्या भागाची. कादंबऱ्या सुरुवातीला फारशा मरत नाहीत, त्या पंधरा-वीस हजार शब्दांवर मरतात. कार्ड क्रमांक १५ ते ३५ हा सगळ्यात अवघड पट्टा, आणि त्याला सातव्या रविवारी जेमतेम पाऊण तास मिळतो. तिथे बिघडतं ते असं: नायकावर संकटं कोसळत राहतात आणि तो फक्त सोसत राहतो. वाचकाला आधी दया येते, मग कंटाळा. उपाय कार्डांवरच करता येतो. त्या एकवीस कार्डांपैकी किती कार्डांवर मुख्य पात्राने स्वतः काही ठरवलंय ते मोजायचं. निम्म्याहून कमी असतील तर तिथे त्याच्या हातून चूक घडवायची. रामभाऊंनी धाकट्या भावाच्या हिश्श्याची जमीन न सांगता तारण ठेवली, की पाऊस-व्यापारी या बाहेरच्या संकटात घरातलं संकट मिसळलं आणि पुढची दहा कार्डं आपोआप मिळाली. वर्गाने यावर पूर्ण रविवार खर्च करायला हवा, हवं तर आठवा रद्द करून.

सातव्याचा उरलेला वेळ रोजच्या लिखाणाच्या हिशेबाला. दिवसाला ५०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, महिन्याला १०,०००, सहा महिन्यांत पहिला खर्डा. हिशेब सरळ आहे आणि नोकरी करणाऱ्याला झेपणारा आहे. खर्डा पुरा होईपर्यंत मागची पानं दुरुस्त करायची नाहीत. बदल सुचला तर समासात नोंद करायची आणि तो बदल झालाय असं समजून पुढे जायचं. हाताने लिहिणाऱ्यांना ६०,००० शब्दांसाठी २०० पानी दोन वह्या लागतील, एका बाजूच्या पानावर दीड-पावणेदोनशे शब्द धरून.

टाइप करणाऱ्यांसाठी मात्र काहीच नाही, हे आजच्या दिवसात खटकतं. निदान एवढं सांगायला हवं: सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताना अक्षरांची खिचडी होते आणि रूपांतर करताना जोडाक्षरं, रफार तुटतात. मोबाइलवर बोलून लिहिणाऱ्यांनी पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं हाताने द्यायची तयारी ठेवावी, आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासावं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, नावात तारीख, आणि आठवड्यातून एकदा स्वतःलाच ईमेल.

आठवा रविवार प्रकाशनाचा, आणि तो सर्वात कमकुवत. ज्यांचं एक प्रकरण झालंय त्यांना करारांची माहिती देऊन उपयोग काय? तरी दोन गोष्टी तिथे निक्षून सांगायलाच हव्या होत्या, त्या राहून जातात. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, विनामूल्य मिळतो, त्यामुळे पुस्तक काढून देणाऱ्याने खर्चाच्या यादीत त्या क्रमांकाची किंमत लावली असेल तर जाब विचारा. आणि लेखनाचा हक्क लिहिल्याक्षणीच लेखकाचा असतो, नोंदणी केली नाही तरी. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' अशी ओळ असलेल्या कागदावर सही करण्याआधी हे माहीत असावं.

हॉल हवेशीर आहे, फळा सगळ्यांना दिसतो, मागच्या दोन ओळींना आवाज जरा कमी पोचतो. रविवारी सुट्टी नसणाऱ्या अंबड-सातपूरच्या कामगारांसाठी दुसरी तुकडी नाही.

नाव कुणी घालावं? डोक्यात एखादी गोष्ट वर्षभर घोळत असेल, किंवा चाळीस पानांवर अडकलेली वही कपाटात असेल, तर जरूर. कथा-ललित लिहून हात बसलेला आहे पण लांब पल्ला झेपत नाही, त्यांनाही चौथा रविवार एकटाच फी वसूल करून देईल. ज्यांचा खर्डा पूर्ण आहे आणि फक्त संपादन हवंय, त्यांनी इथे येऊ नये. त्यांच्यासाठी एकास एक वाचणारा संपादक बरा.

नोंदणी करताना तुकडीत किती जण आहेत ते आधी विचारा, आणि पाचव्या-सहाव्या रविवारी वाचनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावतात का तेही. पहिल्याच दिवशी चार प्रश्नांची उत्तरं कच्ची का होईना लिहून न्या, सोबत शंभर कोरी कार्डं, पेन्सिल, आणि तुमची गोष्ट ज्या वर्षात घडते त्या वर्षाचं कॅलेंडर.